टाकीतला ऊस

आमची मोटरसायकल २००७ सालची, लग्नात सासऱ्यांनी दिलेली. त्यामुळं तिच्याबद्दल मला फार जपून बोलावं लागतं. ‘गाडी आवाज करतेय’ म्हटलं की बायकोला ‘तुझे बाबा फार बोलतात’ असं ऐकू जातं. ‘गाडी धूर सोडतेय’ म्हटलं तर रात्री आमटीत मीठ नसतं. सासुरवाडी मिरजेची. सासरे रेल्वेतून निवृत्त झालेले. आपण पारखून घेतलेली वस्तू बिघडू शकते हे त्यांना मान्य नाही. बिघडली तर ती वापरणारा बिघडलेला असतो.

अठरा वर्षं मी ही कसरत सांभाळली. शनिवार खुटाजवळ राहतो, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हिशेब लिहितो. येऊनजाऊन दिवसाला बारा किलोमीटर. पेट्रोल घातलं की तारीख, लिटर, किलोमीटर सगळं वहीत. बारीकसारीक दुरुस्त्याही घरीच करतो, मेस्त्रीला उगाच पैसे चारत नाही. वही सांगत होती की गाडी लिटरला ५२ देते. जुलै २०२५ मध्ये तीच वही ४५ सांगायला लागली.

आणि त्याच महिन्यात, बेळगावचा पाऊस आडवातिडवा कोसळत असताना, गाडी कपिलेश्वर पुलाच्या चढावर दोन आचके देऊन थांबली. मागं रिक्षा, रिक्षामागं लाल बस, बसमागं गणपतीच्या मंडपाचे बांबू घेतलेला टेम्पो. मी किक मारतोय, गाडी खोकतेय. अर्ध्या मिनिटात तीन डॉक्टर जमले.

रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, “अण्णा, इथेनॉल!”

छत्रीवाले आजोबा म्हणाले, “इथेनॉल हो, दुसरं काय.”

टेम्पोतला पोरगा कन्नडमध्ये काहीतरी ओरडला. त्यातला ‘इथेनॉल’ तेवढा मला कळला. म्हणजे उसापासून, धान्यापासून काढलेलं अल्कोहोल, हल्ली पेट्रोलमध्ये मिसळतात ते.

पुलावरून गाडी ढकलत मी अनगोळ नाक्यावरच्या मेस्त्रीकडं पोचलो. त्यानं हात पुसले, गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. “साहेब, ह्ये इथेनॉल हाय बगा. हप्त्याला चार गाड्या येऊलालेत.” कार्ब्युरेटर उघडून पुसला, तीनशे रुपये घेतले. गाडी सुरू झाली, आणि आठवड्यानं पुन्हा तेच आचके.

घरी मात्र नवल घडलं. “गाडी बंद पडली” म्हटल्यावर बायकोची भुवई वर गेली, तेवढ्यात मी “इथेनॉलमुळं” असं जोडलं. भुवई खाली आली. “तरीच! बाबांची गाडी अशी नव्हती.” त्या दिवसापासून आमच्या घरात शांतता नांदू लागली. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी जेवताना मोकळेपणानं गाडीला नावं ठेवत होतो आणि ती मला भाकरी वाढत होती. घराला एक बाहेरचा गुन्हेगार लागतोच. मागच्या वर्षी मे महिन्यात हिची गुलाबी रबरी स्लीपर, तीही एकट्या उजव्या पायाची, नाहीशी झाली तेव्हा गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यावर आळ आला. ते बिचारं अजून आमच्या दारासमोरून जाताना पलीकडच्या गटारीच्या कडेनं जातं.

फौंड्रीच्या कँटीनमध्ये तर ऑगस्टभर दुसरा विषयच नव्हता. एकाच्या कारचा पिकअप गेला, एकाच्या स्कूटरची रबरी नळी फुगली. एकाचं म्हणणं, पेट्रोल घातल्यापासून पोटात जळजळतंय. ते त्याचं स्वतःचं पोट होतं असं नंतर कळलं. ‘गाडी दारू प्यायली’ हा विनोद तोवर अकरा जणांनी केला होता आणि बारावा करणाऱ्यानं चहाचे पैसे द्यायचे असा नियम झाला होता. सप्टेंबरच्या एक तारखेला सुप्रीम कोर्टानं ई-२० विरुद्धची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल घातलेल्या पेट्रोलविरुद्धची, याचिका फेटाळली. आमच्या कँटीननं ती लगेच दाखल करून घेतली. सुनावणी अजून चालू आहे.

मी आपला हिशेबनीस. गप्पांनी माझं समाधान होत नाही, आकडे लागतात. नीती आयोगानं २०२१ साली इथेनॉलचा जो आराखडा काढला तो मुलीकडून मोबाईलवर उघडून घेतला आणि रात्री चष्मा लावून बसलो. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं ताकद कमी, हे त्यांनाही मान्य. जुन्या घडणीच्या चारचाकीचं मायलेज सहा-सात टक्के पडेल, दुचाकीचं तीन-चार. आणि इंधनाची ताकद कमी म्हणून त्याचा दरही साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा, असंही त्याच आराखड्यात लिहिलेलं! ते वाक्य मी तीनदा वाचलं. पंपावर ते पोचायचं राहून गेलेलं दिसतं. नोकरीत मीही बघतो, परिपत्रकातली कपातीची ओळ तेवढी वेळेवर पोचते.

पण माझी अडचण निराळी होती. ५२ चे ४५ म्हणजे साडेतेरा टक्के. त्यातले चार टक्के सरकारनं कबूल केले. उरलेले साडेनऊ कुणाच्या खात्यावर टाकायचे? ताळेबंद जुळत नव्हता, आणि न जुळलेल्या ताळेबंदावर मला झोप येत नाही.

पहिला संशय पंपावर गेला. इकडचं पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून कोल्हापूरकडचे पाहुणे कागल ओलांडून कोगनोळीच्या बाजूला आले की आधी टाकी फुल करतात, मग चौकशी करतात आम्ही कसे आहोत. स्वस्त म्हणजे पातळ असणार, अशी शंका माझ्या मनात आली. पंपावरच्या पोराला विचारलं, “यात पाणी तर नाही ना?” तो पाईप हातात धरून म्हणाला, “नीरु इल्लरी. झीरो नोड्री.” पाणी नाही, झीरो बघा. मी झीरो बघितला. तो बरोबर होता.

मग मी प्रयोग करायचा ठरवला. मुलगी बारावी सायन्सला. तिच्याकडून काचेचं मोजनळकांडं घेतलं, प्रतिज्ञापत्र दिल्यासारखं “फोडणार नाही” म्हणून लिहून दिलं. बाटलीत पाव लिटर पेट्रोल आणून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो तर आतून आवाज आला, “ते घेऊन ओट्याजवळ आलात तर बघा!” गच्चीवर गेलो. नळकांड्यात पन्नास मिली पाणी, वर शंभर मिली पेट्रोल. तोंड बंद करून हलवलं आणि टाकीच्या कट्ट्यावर ठेवून वाट बघत बसलो. पेट्रोल आणि पाणी यांचं जमत नाही, पण इथेनॉलचं पाण्याशी जुनं गूळपीठ आहे. पाणी दिसलं की ते पेट्रोलचा हात सोडून तिकडं जातं. दहा मिनिटांनी खालचा थर पन्नासवरून वर सरकला आणि सत्तरच्या रेघेजवळ थांबला. शंभरात वीस. जेवढं सांगितलं तेवढंच, मापात! आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कबूल केलेली वस्तू पूर्ण दिली होती आणि नेमकी तीच मला नको होती.

शेजारच्या गच्चीवर कुरडया राखत बसलेल्या काकूंनी विचारलं, “काय करूलायस रे? औषध काय?”

“पेट्रोलमधलं इथेनॉल काढतोय, काकू.”

“काढून काय करणार?” त्यांचा पुढचा प्रश्न फारच रास्त होता. काढलेलं इथेनॉल, त्यात कालवलेलं पाणी आणि ताकद गेलेलं पेट्रोल असा ऐवज हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो.

इथं घरचीच एक भानगड सांगायला हवी. आमचं मूळ गाव निपाणीकडं, वेदगंगेच्या काठाला. थोरला भाऊ तिथं शेती बघतो. दोन एकर ऊस, शहाऐंशी-शून्य-बत्तीस जातीचा. म्हणजे माझ्या टाकीत जे शिरलंय ते आमच्याच बांधावरून निघालंय अशी दाट शक्यता. भावाला फोन करून मी गाडीचं दुखणं सांगितलं तर पलीकडून हसण्याचा आवाज आला.

“तुज्या गाडीचं मायलेज घटलं म्हंजे आमचं बिल निघणार म्हणायचं. घटू दे की!”

“अरे आबा, इंजिन खराब होतंय.”

“आमचं आयुष्य खराब झालंय ते? आता तू हिशेबाचा माणूस, ह्ये सांग. टनाला सत्तर लिटर इथेनॉल पडतंय म्हणत्यात. रसाच्या इथेनॉलला लिटरला पासष्ट रुपये एकसष्ट पैसे सरकारी दर. किती झाले?”

“साडेचार हजारांवर.”

“मग मला पस्तीसशे द्यायला कुणाचं काय जातंय?”

गाळपाचा खर्च, वाफ, वीज, मजुरी असं काहीबाही मी बोललो. हिशेबनीस असून मला ते नीट सांगता आलं नाही, कारण मधला हिशेब शेतकऱ्यालाच काय, कुणालाच कुणी दाखवत नाही. पुढं नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला ३५०० मागत रस्त्यावर बसले, तेव्हा आबाही एक दिवस भाकरी बांधून गेला होता. तिकडून त्यानं फोन केला, “तुज्या पेट्रोलासाठीच बसलोय, बाळ्या. गप बस आता.”

पण पर्यावरणाचं मला खरंच कोडं आहे. कागद सांगतो की उसाचं इथेनॉल पेट्रोलच्या तुलनेत ६५ टक्के कमी हरितगृह वायू सोडतं, मक्याचं ५० टक्के कमी. पिकानं वाढताना हवेतला कार्बन घेतलेला असतो, जळताना तोच परत जातो, असा त्यामागचा हिशेब. दुचाकीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड निम्म्यानं घटतो असंही लिहिलंय. मला हे पटतंही. मग हंगामात मी गावाकडं निघतो. संकेश्वरापासून पुढं माझ्या नाकासमोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, त्यावर कारखान्याला निघालेला ऊस, ऊस रस्ताभर सांडतोय, स्पीकरवर कन्नड गाणं आणि वरच्या नळीतून डिझेलचा असा काळा लोट की हेल्मेटच्या काचेवर बोटानं नाव लिहावं. पर्यावरण वाचवायला निघालेलं इंधन माझ्या पुढं ताशी पंधराच्या वेगानं चाललेलं असतं आणि त्याला ओलांडता येत नाही. गावात पोचावं तर कुणीतरी फडातला पाला पेटवलेला, अंगणात वाळत घातलेल्या धोतरावर काळी राख. तो ६५ टक्क्यांचा हिशेब खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यात आमची नदीवरची मोटर, युरियाची पोती आणि हा ट्रॅक्टर धरलाय का, एवढं एकदा वही उघडून बघायला आवडेल.

पाण्याचा आकडा मी घरी वाचून दाखवला ही माझी चूक झाली. त्याच आराखड्यात लिहिलंय की साखरेवाटे एक लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. वीस टक्क्यांच्या हिशेबानं माझ्या एक लिटर पेट्रोलमागं ५७२ लिटर. आठवड्याला मला दोन लिटर लागतं. आमच्या गल्लीत पाचव्या दिवशी नळ येतो. त्या दिवशी बायको पहाटे चारला उठून पिंप, घागरी, कुकर, फुलदाणीसुद्धा भरून ठेवते. ती हंडा खाली ठेवून म्हणाली, “म्हणजे अकराशे चव्वेचाळीस लिटर पाणी तुम्ही दर आठवड्याला गाडीत घालून फिरता?”

मी समजावू लागलो की मळीपासून इथेनॉल केलं तर ते पाणी साखरेच्या नावावर पडतं, आपल्या नाही. शिवाय आता देशात निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्याचं, मका आणि तुकडा तांदूळ. “तुकडा तांदूळ म्हणजे कणी?” तिनं विचारलं. कणीच. माझी आजी तापात कण्यांची पेज द्यायची. अठरा वर्षांची गाडी, चढावर धाप लागते, आणि सरकारनं तिला पेज सुरू केली होती. वैद्यकीयदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं.

दिवाळीला सासरे आले. गाडीची तक्रार त्यांच्या कानावर आधीच गेली होती. अंघोळ करून, फराळाचं ताट संपवून त्यांनी मला समोर बसवलं.

“जावईबापू, इथेनॉल आम्हाला शिकवू नका. २००१ साली देशात पहिली चाचणी कुठं झाली? मिरज आणि मनमाड! पाच टक्के. तेव्हापासून आम्ही पितोय.”

“पण बाबा, आता वीस झालंय.”

“पाच पचलं त्याला वीस पचतं. गाडी अगदी ठणठणीत आहे. मेस्त्रीकडं चला, मी येतो.”

गाडीवर दोघं बसून निघालो. पुलाच्या चढावर मी मनोमन कपिलेश्वराला नारळ बोललो, तरी गाडीनं सासऱ्यांची भीड ठेवली नाही. चढ संपायच्या आधी दोन आचके आणि मौन. उरलेलं अंतर मी ढकलत, ते मागून “गिअर काढलाय का?” विचारत.

मेस्त्री या वेळी सासऱ्यांच्या वयाला घाबरला असावा. “इथेनॉल” म्हणायला त्यानं तोंड उघडलं, त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “टाकी खाली करा.” रेल्वेचा आवाज होता तो. पोरानं टाकी उतरवली आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतली. कॅन खांद्याएवढ्या उंचीवर धरला तर आत दोन थर. वर पिवळसर पेट्रोल, खाली चारेक बोटं गढूळ पाणी.

“भेसळ!” मी ओरडलो. पंपाचं बिल खिशात होतंच.

मेस्त्री टाकीच्या तोंडात बोट घालून बघत होता. “न्हाई साहेब. पंपाचं असतं तर गल्लीतल्या सगळ्या गाड्या हितं असत्या. ह्ये वरनं गेलंय, थेंब थेंब. पैलं कसं होतं, पाणी गेलं की सरळ तळाला बसायचं. आता इथेनॉल त्याला पोटात घेऊन फिरतंय. थोडं असंल तर जळूनबी जातंय. लई झालं की मग पेट्रोलला सोडून दोघं मिळून खाली बसत्यात, आन् चढावर तेच इंजिनात जातंय.” गच्चीवरचं नळकांडं माझ्या डोळ्यापुढं आलं. तीन महिने मी तोच प्रयोग टाकीत करत होतो, फक्त मोजत नव्हतो.

“गाडी कुठं लावता?” सासऱ्यांनी विचारलं.

“दारात. पागोळीखाली.”

“आणि झाकणाचं रबर?”

मेस्त्रीनं झाकण उलटं केलं. आत काहीतरी चिकटलेलं होतं. मूळ रबर गेल्या वर्षीच्या पावसाआधी गळून पडलं होतं, तेव्हा त्यानं नवीन घालायला सांगितलं होतं. एवढ्याशा चकतीला पैसे कशाला, म्हणून ती मी घरीच कापून बसवली होती. पेट्रोल आणि इथेनॉल पिऊन ती आता फुगून पुरीसारखी झाली होती, मधोमध चीर, त्या चिरेतून वर्षभराचा बेळगावचा पाऊस आत उतरलेला. रबर फुगतं हा कँटीनचा आरोप तेवढा शंभर टक्के खरा निघाला.

सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मेस्त्रीला म्हणाले, “नवीन घाला. पैसे मी देतो.” आयुष्यात एवढा महाग पडलेला वायसर मी दुसरा बघितला नाही.

जुनी चकती मी गुपचूप खिशात टाकली. येताना गाडीनं पूल असा चढला की सासऱ्यांची टोपी उडता उडता राहिली. पुढच्या दोन टाक्यांचा हिशेब वहीत मांडला: लिटरला ५०. म्हणजे चार टक्क्यांच्या आतबाहेर, कागदात लिहिलं होतं तेवढंच. गेलेल्या सातांपैकी दोन किलोमीटर इथेनॉलचे, पाच माझे. ताळेबंद पैशापर्यंत जुळला. कँटीनमध्ये मी हे अजून सांगितलेलं नाही, कारण तिथं माझी केस मुख्य पुरावा म्हणून दाखल आहे.

त्या दिवशी घरी पोचल्यावर बायकोनं दारातच विचारलं होतं, “काय निघालं हो?”

मी सासऱ्यांकडं बघितलं. ते चपला काढत होते. मान वर न करता म्हणाले, “इथेनॉल.”

माणूस मोठा, यात शंका नाही. रात्री जेवणात कुंदा होता, आमटीत मीठ बेतशीर, आणि मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सकाळी मोरीतून कपडे आपटायचा आवाज येत होता तो मध्येच थांबला. मी अंथरुणातूनच कान टवकारले.

“अहो,” ती म्हणाली, “जरा इकडं या.”

तिच्या ओल्या तळहातावर, माझ्या पँटच्या खिशातून निघालेली, फुगलेली, तडकलेली चकती होती. पेट्रोलनं काळवंडली होती. पण कडेला, बोटभर जागेत, अजून स्पष्ट गुलाबी होती.